टेकूगुरुजी

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेकडेने गणपतीपुळ्याकडे निघालेला रस्ता आरे-वाऱ्याच्या डोंगरावर चढला, की खालच्या दोन्ही पुळणी एकदम दृष्टीस पडतात आणि शहाणा प्रवासी तेथे मुकाट्याने उभा राहतो. परंतु त्याच्या दुर्दैवाने त्याच वेळी सुरूच्या बनाकडून, काखेत छत्री आणि हातात कापडी पुठ्ठ्याची वही अशी एक कृश मूर्ती वर चढत असेल, तर त्या सृष्टिसौंदर्याचा रसास्वाद तेथेच बरखास्त झाला असे समजावे. फोटो 'काढतात' की 'घेतात', आणि आपण जे काढतो ते इंग्रज का घेतो, असा सवाल त्याला टाकला जातो, आणि उत्तर ऐकून घेईपर्यंत सूर्य अस्तास गेलेला असतो.

हा मनुष्यविशेष कोकणात दुर्मिळ नाही. पेन्शन सुरू झाल्यावर येथला शिक्षक एकतर हापूसची कलमे लावतो, नाहीतर सात-बाऱ्यावरच्या एखाद्या नावावरून चुलतभावावर दिवाणी दावा गुदरतो. परंतु ज्याच्यापाशी बाग नाही आणि ज्याला भाऊबंदही भांडखोर लाभले नाहीत, त्या अभाग्याला शब्दकोशावाचून गत्यंतर उरत नाही. आमच्या गुरुजींनी उभी हयात इंग्रजी शिकवण्यात घालवली आणि तीतून उरलेली 'टेक' या एकाच क्रियापदाच्या जमाबंदीला वाहिली. नोकरीच्या पहिल्याच तासाला त्यांनी 'टेक!' अशी गर्जना केली तेव्हा, डोंगर उतरून दमून आलेला एक आज्ञाधारक मुलगा 'होय गुरुजी' म्हणून भिंतीला टेकून बसला, अशी आख्यायिका आहे. तिच्या सत्यतेविषयी मी साक्ष देणार नाही. 'टेकूगुरुजी' हे नाव मात्र त्या दिवसापासून गावदप्तरी कायम झाले.

डॉक्टर जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात 'टेक'चे १३४ अर्थ दिले आहेत, हा आकडा गुरुजी एखादा भाविक अष्टविनायकांची नावे घेईल तितक्या श्रद्धेने उच्चारतात. 'टेक आफ्टर' म्हणजे बापाच्या वळणावर जाणे, 'टेक टू' म्हणजे नादी लागणे, 'टेक ऑफ' म्हणजे विमानाने उडणे आणि माणसाने डोक्यावरची टोपी उतरवणे. पण त्यांचा खरा जीव 'टेक इन'वर. घरात आसरा देणे आणि हातोहात फसवणे ही दोन्ही कामे इंग्रज याच एका प्रयोगाने उरकतो, आणि १८०२ साली वसईच्या तहावर सही करण्यापूर्वी दुसऱ्या बाजीरावाला एवढा एक वाक्प्रचार कोणी समजावून सांगता, तर तैनाती फौजेची ब्याद टळती, असे त्यांचे ठाम मत आहे. शिक्षणखात्याने या मताची दखल घेतली नाही. थिबा राजाचे उदाहरण तर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतले: इंग्रजांनी १८८५ साली मंडाले जिंकले, राजाला धरले आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीस नेऊन ठेवले, मराठीला येथे निरनिराळी क्रियापदे खर्ची घालावी लागली, इंग्रजाचे एका 'टेक'मध्ये भागले.

त्यातही गंमत अशी, की हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. घेणे या अर्थी त्यांचा जुना शब्द 'निमन' असा होता. पुढे उत्तरेकडचे समुद्री लुटारू गलबतांतून आले, किनारे लुटून तेथेच स्थायिक झाले, आणि त्यांच्या 'टाका' या क्रियापदाने 'निमन'ची हकालपट्टी केली. (मराठीत 'टाका' म्हणजे द्या आणि मोकळे व्हा, त्यांच्यात नेमके उलट.) निमनचा एक अवशेष 'नंब' म्हणजे बधिर या शब्दात शिल्लक आहे, आणि गुरुजींपुढे तासभर बसलेल्याला त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

आषाढातल्या एका दुपारी त्यांच्या ओटीवर मी असाच बधिर होऊन बसलो असता, "एवढ्या ऐश्वर्याचे एक क्रियापद मराठीत दाखवा!" असे आव्हान त्यांनी मला दिले. मी निरुत्तर झालो. तेवढ्यात माजघरातून काकू आल्या आणि माझ्याकडे वळून त्यांनी गावची खबरबात सांगायला आरंभ केला. "पाऊस लागलाय नुसता! दार फुगलंय, लागत नाही. गड्याला खळ्यात ठेच लागली, तो निजून आहे. आमच्या पुतण्याचा निकाल लागला हो, लगेच मुंबईत नोकरीही लागली. आता मार्गशीर्षात लग्न लागलं की सुटलो. मुलगी तुमच्याच नात्यातली, तुमची कोण लागते ती?"

"अगं, मध्ये बोलू नकोस," गुरुजी खेकसले, "माझी तंद्री लागली होती!"

आणि एकाएकी ते थबकले. स्वतःच्याच वाक्याकडे त्यांनी असे पाहिले, की जणू जन्मभर ज्या आडाचे पाणी प्यालो तो परसात आहे हे आजच कळावे. मग वही उलटी करून तिच्या शेवटच्या पानावर त्यांनी नवे सदर उघडले. मीही भर घातली: डोळा लागतो, दृष्ट लागते, सुपारी लागते, विहिरीला पाणी लागते, बंदरावर उभ्या असलेल्याला बोट लागली म्हणजे आनंद होतो आणि आत बसलेल्याला लागली म्हणजे लिंबू लागते. काकूही मोजदादीला म्हणून आमच्यात येऊन बसल्या, आणि घटकाभरात एकेचाळीस कलमे झाली. बेचाळिसाव्यासाठी तिघेही आढ्याकडे पाहत असता स्वयंपाकघरातून कसलासा वास आला.

"अगं बाई!" काकू धडपडत उठल्या. "भात लागला!"

ते कलम गुरुजींनी आधी वहीत उतरवून घेतले, आणि मग चुलीवरचे पातेले उतरवायला ते आत गेले.