टक्के आप्पा

आप्पांना फोन करून ‘कुठवर आलाय?’ असं विचारू नये. दुसरा कुणी असता तर ‘कराड सोडलं’ म्हणाला असता. आप्पा म्हणतात, “चौसष्ट.” एवढ्यावरून ते कराडात आहेत की पेठ नाक्यावर, हे आपलं आपण ओळखायचं. विजेची गाडी दारात आल्यापासून त्यांच्या नकाशावरची गावं पुसली गेली आहेत. कासेगाव म्हणजे सत्तर, उंब्रज म्हणजे साठ, आणि खेड शिवापूर म्हणजे देवाची मर्जी.

शिरोळनं त्यांचं नाव ‘टक्के आप्पा’ ठेवलं, तेव्हा ते चिडले नाहीत. उलट म्हणाले, “हसू नका. तुम्ही तरी टक्क्याबिगर जगालाय व्हय?” यावर गप्प बसावं लागलं. आमच्या तालुक्यात उसाचा दर साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. 2025-26 च्या हंगामाला केंद्रानं 10.25 टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला 355 रुपये एफआरपी, म्हणजे किमान दर, धरली, आणि त्या पॉइंट पंचवीसवर इथं जेवढं भांडण होतं तेवढं भाऊबंदकीत होत नाही. डेअरीत दुधाचा भाव फॅटवर. जुलै उजाडला की सगळा गाव पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचे फूट आणि इंच मोजत बसतो. एकटे आप्पा तेवढे बारा महिने मोजतात.

गाडी किती पळते यालाही ते उताराच म्हणतात. “कागदावर साडेचारशे किलोमीटर, पदरात पडतंय अडीचशे. उतारा बसंना.” कागदावरचा उतारा आणि पदरातला उतारा यांत काय फरक असतो, हे शिरोळच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्मभर संशय घेतलेला हा माणूस आता गाडीच्या पडद्यावर संशय घेतो, इतकंच.

भाचीच्या लग्नाच्या बैठकीला मी त्यांच्याबरोबर पुण्याला गेलो होतो. दिवस मे महिन्याचे. सांगली मागं पडली तेव्हा मी एसीच्या बटणाकडं हात नेला. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तो हात तसाच कपाळाचा घाम पुसायला वळवला. मग काच खाली करू लागलो. “काच नको. वारं आत शिरलं की गाडी अडती. टक्का जातो.” एसी लावला तरी टक्का जातो, काच उघडली तरी टक्का जातो. मागं बसलेल्या काकूंनी शेवटी देण्याघेण्याची यादी काढून तिचाच पंखा केला.

पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलो आणि गाडीनं सत्तरचा वेग धरला तो धरलाच. वेगाबरोबर वाऱ्याचा अडसर वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर अडसर चौपट, हे शास्त्र आप्पांना तोंडपाठ आहे. बाकीच्या वाहनांना ते माहीत नव्हतं. ट्रक पुढं गेले, लालपरी पुढं गेली, नवरदेवाच्या दारात पोचवायचा फ्रिज लादलेला टेम्पोसुद्धा पुढं गेला. कराडच्या आधी आम्ही उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या एका चुकार ट्रॅक्टरला मागं टाकलं. आप्पांनी आरशात त्याच्याकडं बराच वेळ बघितलं.

साताऱ्याच्या अलीकडं एका हॉटेलात चार्जिंगची दोन मशीनं होती. एक बंद. दुसरं सुरू, पण त्याच्यासमोर एक काळी डिझेलची गाडी सावलीला लावलेली. आप्पा आत गेले आणि टेबला-टेबलावर जाऊन ‘काळी गाडी कुणाची?’ विचारत फिरले. मालक सापडला, त्याच्यापुढं मटणाचं ताट होतं. “जेवून काढतो,” तो म्हणाला. आप्पा त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, “साठ टक्के झालंय. भात ऱ्हायलाय.”

गाडी हलली, आणि मग ॲप. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, पाकीट वेगळं. या मशीनच्या पाकिटात आप्पांचे बावीस रुपये होते. पैसे भरायला ओटीपी हवा, ओटीपीला रेंज हवी, आणि रेंज फक्त हॉटेलच्या मुतारीमागं येत होती. तोवर काकूंनी मिसळ मागवली. मग भजी. मग चहा, मग उन्हाचं ताक. ऐंशी टक्क्यांच्या पुढं बॅटरी जपण्यासाठी चार्जिंग आपोआप मंदावतं, म्हणून जाणते लोक ऐंशीला गन काढतात आणि निघतात. आप्पाही हे सगळ्यांना सांगतात आणि स्वतः एक्याण्णवला काढतात. पेट्रोलच्या मानानं त्या दिवशी किती पैसे वाचले हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. हॉटेलचं बिल मी दिलं होतं, त्यामुळं त्यांचा हिशेब बरोबर होता.

पुण्यात पोचल्यावर बहिणीनं दार उघडून पाण्याचा तांब्या पुढं केला. “पाणी ऱ्हाऊ दे. पंधरा अँपिअरचा प्लग कुठाय?” दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून वायर खाली सोडली. ती खालच्या मजल्यावरच्या साड्यांच्या दोरीवरून, जास्वंदीतून गाडीपर्यंत. घरच्या अशा प्लगमधून ताशी तीनेक युनिट जेमतेम जातात आणि बॅटरी चाळीस युनिटची, म्हणजे रात्रभराचा मुक्काम पक्का. आप्पा हल्ली पाहुणे नात्यावर निवडत नाहीत, प्लगवर निवडतात. सख्खा चुलतभाऊ पाचव्या मजल्यावर राहतो, त्याच्याकडं ते वर्षभर गेलेले नाहीत.

बैठक रंगात आली असताना कुणीतरी मायक्रोवेव्ह लावला आणि घरभर अंधार झाला. मुलाकडचे एकदम गप्प. बटण वर केल्यावर मी हळूच आप्पांना विचारलं, “कुठवर आलंय?” म्हणाले, “ऐंशीवर. हितनं पुढं सावकाश.” आणि झालं तसंच. तारीख, कार्यालय, जेवण हे सगळं तासाभरात ठरलं होतं. मानपान आणि आहेर यांना रात्रीचे साडेबारा वाजले.

आंबा घाटाबद्दल मात्र आप्पा कृतज्ञतेनं बोलतात. कोल्हापूरहून रत्नागिरीला उतरताना मोटरच जनित्र होऊन वीज करते, आणि पडद्यावरचा आकडा चक्क वाढतो. पहिल्यांदा तो वाढलेला बघितला तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेऊन दरीला हात जोडले होते, असं काकू सांगतात. परतीच्या चढाला घाट दिलेलं सगळं व्याजासकट काढून घेतो, तो भाग आप्पा सांगत नाहीत.

सरकारनं विजेच्या गाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली, त्या दिवशी त्यांनी नरसोबाच्या वाडीचे पेढे वाटले. शिरोळहून पुण्याला जाताना या तिन्हींतला एकही रस्ता लागत नाही.

एकदा त्यांना धीर द्यावा म्हणून मी बेर्था बेंझची गोष्ट सांगितली. 1888 साली ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन पोरांना घेऊन त्यानंच बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. पेट्रोल पंप जगात नव्हतेच, म्हणून वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं. चढावर पोरांनी गाडी ढकलली. म्हटलं, सुरुवातीला पेट्रोलच्याही गाड्यांचे हेच हाल होते. आप्पांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “पोचली तवा टाकीत किती टक्के हुतं?”

आता ज्याच्यामुळं हा माणूस मला पूर्ण वैतागूही देत नाही, ते सांगून टाकतो. 2024 च्या जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली. आमच्या गल्लीत पुराचं पाणी नव्हतं, पण वीजही नव्हती. माणसं मोबाइल बंद ठेवून बसली होती, कारण कुरुंदवाडकडच्या पाहुण्यांची खबर यायची तर त्याच मोबाइलवर यायची. नव्या काही विजेच्या गाड्यांत गाडीतून वीज बाहेर घ्यायची सोय असते. आप्पांच्या गाडीत ती आहे. संध्याकाळी त्यांनी ओट्यावर बोर्ड ठेवला, आणि अर्ध्या तासात त्याला मोबाइलचे घोस लागले. पलीकडच्या आजींचं वाफेचं मशीन आलं. पोरांसाठी एक टेबलफॅन आला, त्याला तरी आप्पा हरकत घेतील असं वाटलं होतं. नाही घेतली. ज्या माणसानं मला मे महिन्यात सांगली ते सातारा एसी लावू दिला नाही, तो गल्लीतल्या पोरांना वारा घालत होता.

रात्री मी विचारलं, “किती ऱ्हायलं?”

“बघितलं न्हाई,” म्हणाले.

धादांत खोटं. एकतीस होतं. मी काचेतून डोकावून बघितलं, आणि मी बघतोय हे त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशीही वीज आली नाही, आणि बोर्ड ओट्यावरच होता.

तेव्हा साताऱ्याच्या अलीकडं चार्जिंगच्या जागेत सावली बघून डिझेलची गाडी लावणाऱ्या आणि निवांत जेवायला बसणाऱ्या सद्गृहस्थांना एकच विनंती. ताट तसंच ठेवा, आधी उठा आणि गाडी काढा. शिरोळचे आप्पा यालेत, आणि ते बारावर आहेत.