पांढरी पाचच्या थोडा वर

भाताची झोडणी उरकली की आमच्या मुठा खोऱ्यात माणसाला जरा बसायला सवड मिळते आणि बसला की त्याला काहीतरी सुचतं. आम्हाला सुचलं भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. तेही माळ्यावर पडलेल्या, विंडोज एक्सपीच्या जमान्यातल्या कॉम्प्युटरवर. मोबाइलवर होतं की, असं पोरं म्हणाली. होतं, पण मोबाइलचा जन्म बोलण्यासाठी. पखवाजाची थाप त्याला गोंगाट वाटते आणि तो ती परस्पर दाबून टाकतो.

डब्याचं झाकण काढलं तर कुंभारमाशीने पंख्याच्या जाळीला मातीची घरं बांधलेली. ती खरवडली. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याला विचारा, पहिला उपाय हाच सांगतील. प्रोसेसरवरची वाळून खडी झालेली पेस्ट पुसून नवी लावली. आतला गोल सेल मेलेला, त्यामुळे यंत्राच्या मते आज १ जानेवारी २००२. मला हरकत नव्हती, तेव्हा गुडघे बरे होते. तरी सेल बदलला. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच थांबवली, म्हणून इंटरनेट जोडलंच नाही. बरंच झालं. ऐन गजरात अपडेट मागणारं यंत्र हवंय कुणाला? ऑडॅसिटीची जुनी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चढवली, तीही फुकट.

एवढ्या जुन्या यंत्राला झेपतं का, असं लोक विचारतात. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, तेही दोन वाहिन्यांचे. तासाला साधारण ६३५ एमबी. ८० जीबीच्या डिस्कवर शंभरेक तास भजन आरामात मावतं. १९०२ साली गौहर जान कलकत्त्यात तबकडीसाठी गायल्या तेव्हा त्यांना जेमतेम तीन मिनिटं मिळत. तीन मिनिटांत आमच्या बुवांचं खाकरून होतं.

गाडं अडलं घुंघुंपाशी. जुन्या घराला अर्थिंग नाही, त्यामुळे विजेची ५० हर्ट्झची घरघर माइकच्या वायरीतून आत शिरते. बुवांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, पेटीवर बोटं फिरवली आणि निकाल दिला, “पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली. आपल्या कामाचा नाही.” मी कागदावर गणित मांडलं. बुवा अगदी बरोबर होते.

वायरमनने परसात अर्थिंग करून दिलं, घरघर गेली. पंख्याचा आवाज नको म्हणून डबा लांब वायरीने पलीकडच्या खोलीत नेला. राहिला पखवाज. कणीक लावलेल्या बाजूवर थाप पडली की पडद्यावरची पट्टी थेट लाल. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळ उपाय आहेत. आम्ही पखवाजवाल्या आबांना चार हात मागे बसवलं. आबा दोन दिवस बोलले नाहीत, पण आवाज सुरेख आला.

पावसावर मात्र इलाज नाही. टेमघर धरणाच्या बाजूने सर आली आणि पत्रा वाजायला लागला की महागातला माइकसुद्धा हात टेकतो. तेव्हा तुमच्या घरी जुना कॉम्प्युटर असेल आणि जुन्या चाली पाठ असलेलं माणूसही असेल, तर भंगारवाल्याला तूर्त परत पाठवा आणि मिरगाच्या आत रेकॉर्डिंग उरकून घ्या.