मुहूर्त टळला, नवरदेव गेला

१९९२ साली डीसी कॉमिक्सच्या लेखकांना सुपरमॅनचं लग्न लावायचं होतं. पण त्याच्यावर टीव्ही मालिका येऊ घातलेली. कॉमिकमध्ये आधीच बार उडायला नको, म्हणून मुहूर्त पुढे ढकलला. मधल्या रिकाम्या वेळात काय करायचं? नवरदेवालाच मारून टाकलं!

संग्रहित आवृत्तीत आता हे मरण सलग वाचता येतं. डूम्सडे या राक्षसाशी झुंज शेवटाकडे जाते तशी अंकागणिक दर पानावरची चित्रं चार, तीन, दोन अशी घटत जातात. शेवटच्या अंकात पानभर एकच. संवाद कमी, गुद्दे जास्त. करामत मात्र अस्सल.

या शेवटच्या अंकाची मूळ एक आवृत्ती काळ्या पिशवीत सीलबंद होती, आत दंडाला बांधायची काळी फीतसुद्धा. पुष्कळांनी पिशवी फोडलीच नाही. भाव चढेल म्हणून सुतक कपाटात जपून ठेवलं. अंक खपले लाखोंनी, भाव चढणार कुठून?

सुपरमॅन १९९३ मध्येच परतला, मानेवर केस रुळवत. लग्न लागलं ऑक्टोबर १९९६ मध्ये, कॉमिकमध्ये आणि मालिकेतही.