किमान शिल्लक, कमाल दंड

चंदगडच्या शेतकऱ्याचं खातं वर्षातून दोनदा बाळसं धरतं: काजूबी विकल्यावर आणि उसाचं बिल जमा झाल्यावर. रोपलावणीच्या दिवसांत मात्र ते सपाट. नेमक्या त्याच वेळी काही बँका विचारतात, किमान शिल्लक कुठाय? नाही? मग दंड. पैसे नाहीत म्हणून पैसे कापायचे, हा हिशेब काजूच्या एकाही व्यापाऱ्याला सुचला नव्हता. आणि त्यांची कल्पनाशक्ती काही कमी नव्हे.

स्टेट बँकेने २०१७ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात असा १,७७१ कोटींचा दंड गोळा केला. त्यातल्याच जुलै-सप्टेंबर तिमाहीत तिचा नफा होता १,५८१ कोटी! २०२० मध्ये तिने ही अट काढली. कॅनरा बँकेला ते २०२५ च्या जूनमध्ये सुचलं. उलट आयसीआयसीआय बँकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महानगरांतल्या नव्या खात्यांना ५०,००० ची अट घातली आणि ओरड होताच काही दिवसांत १५,००० वर आणली. इतकी घसघशीत घासाघीस आमच्या बाजारात कोथिंबिरीवरही होत नाही.

आता खातं कुठे काढायचं? किमान शिल्लकीची अट नसलेलं मूलभूत बचत खातं बँकांनी द्यावंच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काउंटरवर तो आपणहून कुणी सांगत नाही. नाव घेऊन मागितलंत, तर साहेब चष्म्यावरून बघतात आणि आधी विम्याचा फॉर्म पुढे सरकवतात.