बीडीएसला लागेल का? : नवशिक्यांसाठी घरगुती अंदाज-मार्गदर्शिका

नीटचा पेपर मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी पाचला संपतो. पाच वाजून पाच मिनिटांनी केंद्राच्या फाटकावर पहिला प्रश्न येतो, "किती पडतील?" ही मार्गदर्शिका त्या प्रश्नानंतरच्या तीन-चार महिन्यांसाठी आहे. महाराष्ट्रात दाताच्या डॉक्टरकीला, म्हणजे बीडीएसला, नंबर लागण्याची शक्यता घरच्या घरी कशी काढावी, हे इथे पायरी-पायरीने सांगितलं आहे. पूर्वज्ञानाची गरज नाही. ज्यांना ते आहे, ते या दिवसांत नातेवाइकांचे फोन उचलत नाहीत.

लागणारं साहित्य

– अंदाजे गुणांचा एक आकडा, शक्यतो ताजा.
– गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ. मोबाईल आडवा धरूनही वाचता येत नसेल, तर ती अस्सल समजावी.
– "आपला एक ओळखीचा आहे तिथे" असं म्हणणारा एक मामा. मामा नसल्यास आत्याचे यजमान चालतील.
– कागदपत्रांची फाइल आणि तिच्या भरपूर झेरॉक्स.
– लॉगिन आयडी आणि पासवर्ड लिहिलेला कागद. तो हरवतोच, म्हणून आधीच दोन ठिकाणी लिहावा.

पायरी पहिली : गुण मोजा

नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीच्याला एक जातो. गुण तीन प्रकारचे असतात. फाटकावरचे गुण, उत्तरतालिकेचे गुण आणि निकालाचे गुण. फाटकावरचे सर्वांत जास्त असतात, कारण तिथे "बहुतेक बरोबर" हे उत्तर बरोबर धरलं जातं. असे पाच प्रश्न बरोबर धरले आणि पाचही चुकले, तर पंचवीस गुणांची घसरण होते. पंचवीस गुणांत हजारो मुलं मावतात.

उत्तरतालिका आल्यावर एखादं उत्तर पटलं नाही, तर पैसे भरून हरकत घेता येते. हरकत घेण्यापूर्वी ती उत्तरतालिकेवर आहे की नशिबावर, हे तपासून घ्यावं. दुसऱ्या प्रकारची हरकत कुठेच स्वीकारली जात नाही.

पायरी दुसरी : मोजलेले गुण विसरा

ही पायरी सगळ्यांत अवघड आहे. मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला अमुक गुणांवर सीट मिळाली, म्हणून आपल्यालाही मिळेल, असा हिशेब घरोघर चालतो. त्याची चाचणी एकदा २०२४ आणि २०२५ या लागोपाठच्या वर्षांवर घ्यावी. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, काही जणांना दिलेले वाढीव गुण मागे घेतले गेले, १,५६३ जणांना फेरपरीक्षेचा पर्याय मिळाला आणि शेवटी पैकीच्या पैकीवाले १७ उरले. त्या वर्षी ६५० गुण मिळवणारा मुलगा देशात पंचवीस हजारांच्या पलीकडे कुठेतरी उभा होता. पुढच्या वर्षी पेपर असा आला की देशातले सर्वाधिक गुण ६८६ राहिले आणि ६५०च्या वर पुरते शंभर जणही नव्हते.

म्हणजे तोच आकडा एका वर्षी रांगेच्या मध्यावर आणि दुसऱ्या वर्षी थेट खिडकीपाशी. तेव्हा गुणांची तुलना करू नये, रँकची करावी. त्यातही देशाची रँक वेगळी आणि राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक वेगळा. महाराष्ट्रातल्या जागांसाठी दुसरा उपयोगाचा. मामांना मात्र गुणच सांगावेत. रँक सांगितली तर ते "एवढी मोठी?" म्हणून घाबरतात.

पायरी तिसरी : 'क्वालिफाय' शब्दावर पेढे वाटू नका

२०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली आणि १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. खुल्या गटाला पात्रतेसाठी ७२० पैकी १४४ गुण पुरले. देशभरातल्या बीडीएसच्या जागा सत्तावीस हजारांच्या वर आहेत. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या वर. भागाकार स्वतः करावा, आणि तो पेढ्यांची ऑर्डर देण्याआधी करावा. पात्र होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी.

पायरी चौथी : फाइल उघडा

इथवर सगळं आकड्यांचं होतं. इथून पुढे कागदांचं. राज्याच्या ८५ टक्के कोट्यात बसायचं, तर अधिवासाचा दाखला हवा आणि साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली हवी. सीमाभागातल्या, म्हणजे बेळगाव-निपाणीकडच्या मराठी मुलांसाठी एमकेबी नावाचा वेगळा प्रवर्ग आहे. आरक्षित जागेवर दावा असेल, तर जातीच्या दाखल्यासोबत जातवैधता प्रमाणपत्र लागतं. लोकांच्या भाषेत 'व्हॅलिडिटी'. ओबीसी, भटके-विमुक्त आणि एसईबीसी यांना वर नॉन-क्रिमीलेअरही, आणि तेही मुदतीतलं.

नवशिक्याने इथे एक प्रयोग करावा. दहावीची मार्कशीट, आधार आणि जातीचा दाखला शेजारी-शेजारी ठेवून स्वतःचं नाव तिन्हींवर मोठ्याने वाचावं. एकावर वडिलांचं नाव 'राव'सकट असतं, दुसऱ्यावर 'राव' गेलेला असतो, तिसऱ्यावर आडनावातला 'एच' एक घर पुढे सरकलेला असतो. हे जूनमध्ये कळलं तर सेतू केंद्राच्या दोन फेऱ्या. पडताळणीच्या दिवशी कळलं तर प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि बाबांचा रक्तदाब. पाचशे गुणांच्या मुलाचा चान्स एका अक्षराने कमी होऊ शकतो, हे नंबर लागेल का ते सांगणारा कुठलाही ऑनलाइन प्रेडिक्टर दाखवत नाही.

प्रेडिक्टरबद्दल इथेच सांगून टाकू. तो आधी मोबाईल नंबर विचारतो आणि मग गुण. यावरून त्याला काय गोळा करायचं आहे, ते ओळखावं. त्यानंतर तो 'हाय', 'मीडियम' आणि 'लो' यांपैकी एक सांगतो. 'मीडियम' म्हणजे आता फोन येईल.

पायरी पाचवी : पसंतीक्रम भरा

राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात असतात, एकाच यादीत पसंती द्यायची असते. देशपातळीवरच्या १५ टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा यांचं दिल्लीच्या एमसीसी या समुपदेशन समितीकडे वेगळं दुकान. दोन्हीकडे नोंदणी, दोन्हीकडे तारखा, दोन्हीकडे अनामत. घरात एका माणसाला या कामासाठी नोकरीतून रजा घ्यावी लागते. ती बहुधा आई घेते.

सर्वसाधारण यादी अशी भरली जाते. वर सगळी सरकारी एमबीबीएस, मग परवडतील तेवढी खासगी एमबीबीएस आणि तळाला बीडीएस. त्यातही आधी मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर, मग नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि शेवटी खासगी. नायर १९३३ पासून दात बघतंय, पण यादीत त्याचं नाव पहिलं लिहिणारा विरळाच.

आता या पायरीतलं मर्म. पहिल्या राऊंडला बीडीएसच्या बऱ्याच जागा अशा मुलांच्या नावावर लागतात, ज्यांना त्या नको आहेत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून ठेवावा, तशी ती जागा ते धरून ठेवतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडला वरची पसंती मिळाली की खालची आपोआप सुटते. म्हणून दाताच्या सीटचा चान्स हा तुमच्यापुढच्या दोन-तीन हजार मुलांपैकी किती जण कधी उठून जातील, यावर ठरतो. त्यांची मनं मोजण्याचं यंत्र अजून निघालेलं नाही. त्यामुळे पहिल्या राऊंडच्या कटऑफवर रडू नये आणि शेवटच्या राऊंडच्या कटऑफवर विसंबू नये. मागच्या वर्षीच्या पीडीएफमध्ये शक्यतो दुसरा राऊंड बघावा आणि त्यातही आपला प्रवर्ग. मामा खुल्या गटाचा बघून बोलत असतात.

पायरी सहावी : बाबांना एकदा विचारा

खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. तरी ती दरवर्षी लाखांत जाते. अभिमत विद्यापीठांत आणखी वर. शिक्षण चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. फीचा आकडा चार वर्षांनी गुणून, त्यात वसतिगृह आणि उपकरणांचा संच घालून तो रात्री जेवणानंतर बाबांसमोर ठेवावा. पंखा चालू असताना ते किती वेळ गप्प राहतात, त्यावरून चान्सचा मोठा भाग लगेच कळतो. मोजणीचं हे साधन प्रेडिक्टरपेक्षा अचूक आहे आणि मोबाईल नंबर मागत नाही.

पायरी सातवी : दात

इतक्या उशिरा दात आले म्हणून आश्चर्य वाटू देऊ नका. परीक्षेतही ते नसतात. १८० पैकी ४५ प्रश्न भौतिकशास्त्राचे, ४५ रसायनाचे, ९० जीवशास्त्राचे. अकरावीच्या जीवशास्त्रात पचनाचा एक धडा होता. त्यात माणसाचं दंतसूत्र होतं, दुधाचे दात होते, सुळे होते. २०२४ च्या नीटपासून तो धडाच अभ्यासक्रमातून गेला. दंतवैद्यकाची प्रवेशपरीक्षा सध्या बोळक्या तोंडाने घेतली जाते.

हातांचंही तेच. कॅनडात बरीच वर्षं या प्रवेशपरीक्षेत साबणाची वडी कोरायला लावत. आपल्याकडे गोल काळा करता आला की हात तयार मानला जातो. खरी परीक्षा मग पहिल्या वर्षाला होते. मुलीच्या पुढ्यात मेणाचा ठोकळा येतो, हातात लेक्रॉन कार्व्हर. वरची पहिली दाढ कोरायची असते. तिला चार उंचवटे, आणि कधी कधी आतल्या बाजूला कॅराबेलीचा एक छोटा पाचवा. मिलिमीटरची पट्टी लावून तीन उंचवटे जमतात, चौथ्यापाशी पातं किंचित घसरतं, मेणाचा कपचा उडतो आणि संध्याकाळ नव्या ठोकळ्यापासून सुरू होते. मांडीवर मेणाचा भुगा, नखांत मेण, मेसच्या पोळीलाही मेणाचा वास.

म्हणून फॉर्म भरण्याआधी घरी दोन चाचण्या कराव्यात. एक, साबणाच्या वडीतून सुळा कोरावा. दोन, कागद डोळ्यांआड धरून, नुसतं आरशात बघत त्यावर आपलं नाव लिहावं. वरच्या दाढांचं काम जन्मभर असंच आरशात बघून, उलटं दिसत असताना करायचं असतं. पहिल्या चाचणीत वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि दुसरीत चिडचिड न होता हसू आलं, तर ते गुण कुठल्याच यादीत धरले जात नाहीत. पण चान्स काढताना तुम्ही ते धरावेत.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मेडिकलला नाही लागला का?"
हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत येतो. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघून घ्यावं. पुढच्या वर्षांत पूर्ण कवळीची केस करण्यासाठी असा माणूस शोधावा लागतो, ज्याला एकही दात नाही आणि जो अनेक फेऱ्या मारायला तयार आहे.

"एक वर्ष ड्रॉप घेतला तर?"
लातूर आणि कोटा दोन्हीकडे रिपीटर बॅच आहेत. ड्रॉप घ्यायचा तर एमबीबीएससाठी घेतोय की बीडीएससाठी, हे आधी स्वतःला सांगावं. बीडीएससाठी ड्रॉप घेतला असं उघडपणे म्हणणारा मुलगा अजून भेटायचा आहे.

"बीडीएसला जागा असतात तरी का?"
असतात. २०२०-२१ मध्ये देशभरात बीडीएसच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती पात्रतेची अट दहा पर्सेंटाइलने खाली आणायला लावली. म्हणजे एकीकडे लाखो घरांत 'लागेल का?' चाललं होतं आणि दुसरीकडे सात हजार खुर्च्या कोणी येतंय का म्हणून वाट बघत होत्या.

"मग एवढं सगळं करून नक्की उत्तर कधी मिळतं?"
कॉलेजच्या प्रवेश विभागात, जागा घेताना. कारकून एक फॉर्म पुढे सरकवतो आणि मान वर न करता विचारतो, "स्टेटस रिटेन्शन भरणार?" भरला, तर हीच जागा कायम. नाही भरला, तर पुढच्या राऊंडला वरच्या पसंतीची आशा शिल्लक. जिला दात हवे आहेत ती पेन मागते. बाकीचे "एक मिनिट हं" म्हणून बाहेर व्हरांड्यात जातात आणि पुन्हा प्रेडिक्टर उघडतात.