फाईल दाबून बसलेल्या साहेबांना खुले पत्र



तुमच्या टेबलावर एका मुलाची अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, फाईल पडून आहे. मुलगा बालगृहात वाढला, आयटीआयत फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अठरा पूर्ण झाली तसं संस्थेने लोखंडी पेटी आणि कागदांची पिशवी त्याच्या हवाली केली. संस्थेवर माझा राग नाही. तुमच्यावर आहे.

तुमच्या मुलाला अठरा लागली तेव्हा, परीक्षा तोंडावर असताना, त्याचं सामान तुम्ही जिन्यात आणून ठेवलंत का? की क्लासची फी, डबा, पेट्रोल सगळं बिनबोभाट चालू राहिलं?

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ४६ याच मुलांसाठी आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार एकविसाव्या वर्षापर्यंत, विशेष परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत आधार देता येतो. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याची योजना तयार हवी. ‘मिशन वात्सल्य’मध्ये महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. तेवढ्यात खोलीचं वाटून घेतलेलं भाडं आणि मेसचा डबा कसाबसा भागतो. तुम्ही मात्र फाईलवर शेरा मारलात: वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा. अनाथ मुलाने तो आणायचा कुठून? त्याच्या अनाथ प्रमाणपत्राचा अर्जही तुमच्याच कपाटात आहे, साहेब.

अनाथांच्या हक्कासाठी अमृता करवंदे झगडल्या, म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण मिळालं. पण त्या जागेवर हक्क सांगायला मुलाचं शिक्षण आधी पुरं तर व्हायला हवं! हा मुलगा दिवसा कानशीने जॉब घासतो, रात्री धाब्यावर भांडी घासतो आणि तिथेच बाकड्यावर झोपतो. सकाळच्या तासाला पोचता पोचत नाही. हजेरी ऐंशी टक्क्यांखाली गेली की परीक्षेला बसता येत नाही, आणि तो आता काठावर आहे. दोन वर्षं सरकारनेच त्याच्यावर केलेला खर्च तुमच्या एका सहीअभावी वाया जाईल.

तेव्हा तो शेरा खोडा. मंजुरी देणाऱ्या समितीच्या येत्या बैठकीत फाईल ठेवा आणि रक्कम थेट त्याच्या खात्यात जमा करा. पुढच्या सहा महिन्यांत जिल्ह्यात ज्या ज्या मुलामुलींना अठरा पूर्ण होणार आहेत, त्यांची यादीही आजच काढायला लावा. पासबुकाची झेरॉक्स फाईलला जोडली आहे, चौथ्या पानावर.