एकाले दोन बरे

देवरीला आमच्या शेजारी काकाजी राहतात. त्यांच्या दाराला कुलपं दोन, प्रत्येकाच्या चाव्या दोन, आणि त्या चारही चाव्या एकाच कड्यात. वर्षातून एकदा कडं हरवतं. मग काकाजी ओसरीवर बसून कुलूपवाल्याची वाट पाहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "डुप्लिकेट आहे ना माह्यापाशी!"

"कुठे आहे, काकाजी?"

"त्याच कड्यात."

गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. चष्मे दोन, एकाच डबीत. छत्र्या दोन, एकाच खुंटीला. नागपूरला निघाले की पैसे दोन खिशांत वाटून ठेवतात, दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे. "एकाले दोन बरे," हे त्यांचं ब्रीद. चहालाही ते लागू होतं, पण तिथे काकू आडव्या येतात.

अशा माणसाच्या हाती 'रेड' लागणं अटळच होतं. संगणकात दोन हार्ड डिस्क बसवायच्या आणि जे एकीवर लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहायचं. एक मेली तरी दुसरी चालू. हे कळलं त्या रात्री काकाजींना झोप आली नाही. सकाळी त्यांनी एसटी धरली आणि साकोली, लाखनी, भंडारा करत थेट नागपूर, सीताबर्डी. संध्याकाळी दोन-दोन टेराबाइटच्या दोन डिस्क घेऊन परत. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या. म्हणजे म्हाताऱ्याही बरोबरच होणार आणि आजारीही एकाच सुमारास पडायच्या, असं मी सुचवून पाहिलं. "जोडी शोभली पाहिजे," काकाजी म्हणाले.

दोन आणि दोन चार टेराबाइट होतील, अशी काकूंची समजूत होती. संगणक दोनच दाखवू लागला. "दोनचे पैसे देऊन एकच आणलं, बाप्पा," एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

इकडे हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बातमी पोचली की मास्तरांच्या घरी रेड पडली. दोघं जण सांत्वनाला आले. काकाजींनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि शिकवणी सुरू केली. १९८८ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी हा विचार मांडला. महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक एकत्र जुंपायच्या. 'रेड'च्या इंग्रजी आद्याक्षरांतला 'आय' मुळात 'स्वस्त' या अर्थाचा, पुढे त्याचा 'स्वतंत्र' असा अर्थ लावला गेला. (पावती पाहिल्यावर त्याचं कारण मला कळलं.) मग शून्य नंबरची रेड: माहिती अर्धी इकडे, अर्धी तिकडे, काम झपाट्याने, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. पाच नंबरच्या रेडला किमान तीन डिस्क लागतात. ती सांगताना काकाजींमधला मास्तर पुरता जागा झाला. "सात अन् पाच, बेरीज बारा. आता सात पुसले. काढता येतात का नाही? बारातून पाच गेले, सात! तसंच थे." तसा हिशेब थोडा वेगळा असतो, पण मी आयुष्यात ऐकलेलं हे पाच नंबरच्या रेडचं सगळ्यात सोपं स्पष्टीकरण आहे. पाहुण्यांना एवढंच कळलं की धाड पडलेली नाही. ते जरा हिरमुसूनच गेले.

मला म्हणायचं होतं ते वेगळंच. रेड दुकान बंद पडू नये म्हणून असते. लग्नसराईत फोटो स्टुडिओवाल्याची डिस्क बसली, तर त्याचं काम त्या दिवशीही चालू राहायला हवं. त्याने खुशाल रेड लावावी. काकाजी रविवारी संगणक उघडून सिरपूरच्या धरणावरचे फोटो पाहतात. ते दोन दिवस नाही दिसले तरी बगळा कुठे पळून जाणार आहे? आणि आमच्याकडे जूनमध्ये कडाडते तशी वीज एखाद्या दिवशी तारेतून आत आली, तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क सोबतच जातील. हे मी बोललो. काकाजींनी चाव्यांचं कडं बोटाभोवती फिरवत ऐकून घेतलं. "तुले भीती वाटते म्हणून तं दोन ठेवल्या."

वीज आली नाही. दिवाळी आली. दिवाळीची साफसफाई काकाजी संगणकाचीही करतात. नातवाच्या बारशाचे फोटो दोन ठिकाणी दिसले, सकाळी त्यांनी एक उडवलं. दुपारी झोपून उठल्यावर सकाळचं विसरले आणि दुसरंही उडवलं. कचरापेटी भरलेली दिसली, तीही झटकली. सणासुदीला घरात कचरा नको. आणि रेडने आपलं काम चोख बजावलं. पहिल्या डिस्कवरून जे पुसलं गेलं, ते दुसरीवरूनही त्याच क्षणी.

मला बोलावलं तेव्हा काकाजी दोन्ही चष्मे आळीपाळीने लावून पडद्याकडे पाहत होते. "दोन होत्या ना रे," एवढंच म्हणत होते. मला हसू आलं नाही.

काकू हात पुसत बाहेर आल्या. "मामंजी बियाण्याच्या धानाचं एक पोतं दरसाल आमगावले आत्याबाईकडे ठेवत. घरात दोन ढोल्या होत्या, तरी." आणि त्यांनी गोंदियाला मुलीला फोन लावला. बारशाच्या दिवशीच मुलीने सगळे फोटो पेनड्राइव्हवर नेले होते. तो तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीत होता.

काकाजी तीन दिवस गप्प होते. चौथ्या दिवशी आमगावमार्गे गोंदियाची एसटी धरून गेले आणि हसत परतले. "आता एक प्रत गावाबाहेर!" मीही मनापासून अभिनंदन केलं.

रात्री मुलीचा मला फोन. "दादा, बाबा एक नाही, दोन डिस्क देऊन गेले. एकाच पिशवीत घालून, एकाच कप्प्यात ठेवायला सांगितल्यात. एकमेकींना सोबत म्हणे. आणि कपाटाची किल्ली घेऊन गेले. सांभाळून ठेवतो म्हणाले, कड्यात."